काचपेटीतले अळणी तांदूळ

भाऊ, आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्हाला निवांत ऐकता येईल. तुम्ही खोटं बोलला नव्हता. त्या पावसाळ्यातली रीडिंग्ज खरी होती, एकूण एक. हे मला कळलं तुम्ही गेल्यानंतर अकराव्या दिवशी, आसगावला, तुमच्याच घरी, जलदानविधीचं जेवण पुढ्यात असताना. तेव्हापासून मला झोप चांगली लागते. तुमच्या जाण्यानंतर मला झोप चांगली लागते, असं म्हणायला जीभ अडखळते, पण तुम्हाला खोटं कशाला सांगू?

तुम्हाला आठवत असेल, मी भंडाऱ्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायला रुजू झाले त्या दिवशी तुम्ही मला आधी कोणतं बटण शॉक देतं ते दाखवलंत आणि मग स्टाफरूम. तुमचं पद प्रयोगशाळा परिचर, पण सगळा विभाग तुम्हाला मेश्राम भाऊ म्हणायचा आणि तुम्हाला विचारूनच चालायचा. मी लाखांदूरची, हे कळल्यावर तुम्ही म्हणालात, "मंग मॅडम आपल्या झाडीपट्टीतल्याच हायेत. आता मराठी सांभाळून बोलाची गरज नाई." तरी मी कितीतरी दिवस सांभाळूनच बोलत राहिले. नागपुरातून पीएच.डी. करून आले होते ना, डोक्यात हवा होती.

मी ज्यावर काम करायची ते पेरोव्हस्काइट म्हणजे काय, ते मी तुम्हाला फळ्यावर समजावलं होतं. अणूंची एक ठरावीक मांडणी, घनाच्या कोपऱ्यांवर एक जात, पोटात दुसरी, बाजूंच्या मधोमध तिसरी. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "ते असू द्या. हे करते का, ते सांगा." करतं ते एवढंच, की उजेड पडला की वीज देतं, आणि घटक थोडे बदलून त्याला वीज दिली की उजेड देतं. त्याचा सौरघट होतो, एलईडी होतो, उजेड मोजणारा सेन्सरही होतो. शिवाय बनवायला मोठी भट्टी लागत नाही. शिसं आणि आयोडीन असलेली पावडर आणि एक सेंद्रिय क्षार द्रावणात विरघळवायचे, काचेच्या तुकड्यावर थेंब टाकायचा, काच गरगर फिरवायची म्हणजे थेंबाचा पातळ थर पसरतो, आणि ती हॉटप्लेटवर ठेवायची. पिवळा थर बघता बघता काळा होतो. पहिल्यांदा तो काळा झाला तेव्हा तुम्ही "जळली न मॅडम!" म्हणत काच उचलायला धावलात. तेव्हापासून आपल्याकडे तिचं नाव 'काळी' पडलं. आज काळी बरी उतरली, आज काळी रुसली, असंच आपण बोलायचो.

काळीचं आणि दमट हवेचं वैर. ओल लागली की ती परत पिवळी पडते आणि मग तिच्यात काही राम राहत नाही. मोठ्या प्रयोगशाळांत यासाठी नायट्रोजन भरलेली बंद पेटी असते. आपल्याकडे तुम्ही होता. तुम्ही माशांची एक जुनी काचपेटी आणून आडवी केलीत, उघड्या बाजूला प्लायवूड लावलंत, त्याला दोन गोल भोकं पाडून हात घालायला बाह्या शिवल्यात. आत सिलिका जेल, ओल शोषून घेणारे ते निळे खडे, पांढऱ्या कापडाच्या पुरचुंड्यांत बांधून ठेवलेत. हिवाळ्यात हे सगळं झकास चालायचं. पण तळ्यांच्या या जिल्ह्यात जूनपासून हवा पिळली तर पाणी निघेल अशी असते. खडे दोन दिवसांत गुलाबी पडायचे, म्हणजे ओलीने भरायचे, आणि ते वाळवायची आपली भट्टी कायम दुरुस्तीला गेलेली.

एका जूनमध्ये तुम्ही म्हणालात, "पावसाळ्यात चार महिने पेटी खाली कायले ठेवाची? मले करून पाहू द्या." मी हसले. नुसती हसले नाही, विभागातल्या दोघांना बोलावून सांगितलं, भाऊ आता श्रावणात काळी काढणार आहेत. तुम्हीही हसलात. मला वाटलं, विषय संपला.

पण तुम्ही काढलीत. आठवड्यामागून आठवडा, बाहेर धो धो पाऊस आणि आपल्या पेटीत काळी कुळकुळीत काच. माझे दिवसभर तास असायचे, म्हणून दिव्याखाली ठेवून वीज मोजायचं कामही तुम्हीच करायचा आणि वहीत आकडे लिहायचा. संध्याकाळी मी वही बघायची, काच बघायची, "वा भाऊ" म्हणायची आणि घरी जायची. आकडे हिवाळ्यापेक्षाही सरस होते. तेव्हा मला एकदाही वाटलं नाही की आपण स्वतः बसून मोजून बघावं. चांगली बातमी कोण तपासून घेतं?

त्यावर आपला शोधनिबंध छापून आला. पहिलं नाव माझं, दुसरं तुमचं. परिचराचं नाव लेखकांत कसं, यावर कॉलेजात कुजबुज झाली, ती मी उडवून लावली. या एका गोष्टीसाठी मी स्वतःची पाठ थोपटते, थोपटू द्या. पहिल्या पानाची प्रत तुम्ही फ्रेम करायला नेलीत, तेव्हा मी चिडवलं होतं, "भाऊ, हार पण घालाल का?" तुम्ही म्हणालात, "हार कायले, मॅडम? पोट्ट्यायले वाचाले लावतो."

पुढच्या पावसाळ्यातला तो सोमवार मात्र मला अजून आठवला की कान गरम होतात. बाहेरून तीन माणसं आपलं काम बघायला आली होती. त्यांना काळी बनताना बघायची होती. मी मोठ्या रुबाबात तुम्हाला म्हटलं, करा सुरू. पहिली काच पिवळी, दुसरी पिवळी, तिसरी चट्ट्यापट्ट्यांची. तुम्ही हळूच म्हणालात, "मॅडम, आज ते…" आणि मी तुम्हाला तिथेच तोडलं, "मला कारणं नकोत." पाहुणे सभ्य होते, चहा घेऊन गेले. मी बाहेर आले तर तुम्ही व्हरांड्यात शिपायांना डब्यातून काहीतरी पिवळंपिवळं मूठमूठ वाटत होता. माझ्यापुढेही डबा धरलात, "घ्या न मॅडम, खाराच हाय."

माझं डोकं फिरलं. इथं माझी अब्रू गेली आणि तुम्ही फराळ वाटताय, असं काहीबाही मी बोलले. त्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी सगळ्यांसमोर विचारलं, "मागच्या वर्षीची रीडिंग्ज तरी खरी होती का?"

तुम्ही डब्याचं झाकण लावलंत. "खरी होती, मॅडम." एवढंच म्हणालात.

मी नवीन खडे मागवले, स्वतः काचा केल्या. काळी उतरायची, पण थरात सुईच्या टोकाएवढी भोकं पडायची, आणि तुमच्या आकड्यांच्या जवळपासही मी पोचायची नाही. तुमच्या जुन्या काचा तोवर केव्हाच पिवळ्या पडल्या होत्या, त्यांना विचारायची सोय नव्हती. मग मनात शंका बसली ती बसलीच. मॅडमला बरं वाटावं म्हणून भाऊंनी आकडे ठोकले असतील. वाईट हेतूने नाही, प्रेमानेच, पण ठोकले. मी तुम्हाला काचपेटीवरून काढलं आणि बी.एस्सी.च्या मुलांना लोलक, भिंगं द्यायला बसवलं. तोंडाने म्हटलं, तुमच्यावर फार भार पडतो. तुम्ही दोन पावसाळे भिंगं पुसत राहिलात आणि मी तुमच्याशी अगदी गोड बोलत राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तरी आपलं एक भांडण चालूच राहिलं. मला सौरघट करायचा होता, तुम्हाला एलईडी. तुमचं म्हणणं, "दिवसा सूर्य हाय, मंग त्याले दिवसा कामाले लावून का फायदा? अंधारात लावा न!" मी म्हणायची, भाऊ, दिवसाची वीज साठवता येते. तुम्ही म्हणायचा, "साठवाले अजून एक डबा आला." एकदा मी त्याच जातीच्या दुसऱ्या मिश्रणाचा थर अतिनील दिव्याखाली धरला आणि तो हिरवागार उजळला. तुम्ही काच हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिलात. "हेच उजेड खाते अन् हेच उजेड देते. असं जनावर पाह्यलं नाई बापा!" या भांडणात तुम्ही जिंकत आला होता. आता अर्ध्यावर सोडून गेलात, हे काही बरं केलं नाही.

या जूनमध्ये मी ठरवलं की निबंध मागे घ्यायचा. ज्याचे आकडे पुन्हा येत नाहीत ते छापील ठेवणं मला जड झालं होतं. संपादकांना पत्र लिहून संगणकात ठेवलं. तुमचं नावही त्याबरोबर पुसलं जाणार होतं, म्हणून आधी तुम्हाला सांगायचं होतं. सोमवारी सांगू म्हटलं. तुम्ही शनिवारी गावी गेलात आणि सोमवारी आला नाहीत.

आसगावला तुमच्या फोटोशेजारी ते फ्रेम केलेलं पान होतं. लोक वंदना करून उठत आणि फोटोबरोबर त्या पानाकडेही बघत. कोणीतरी कोणाला तरी सांगत होतं, "इंग्रजीत नाव छापलं हाय भाऊचं." मला वर बघवेना. या घरात मी ते पत्र घेऊन आले आहे, असं वाटत होतं. जेवायला बसवलं तेव्हा वहिनी स्वतः वाढायला आल्या आणि माझ्याजवळच बसल्या.

"मॅडम, एक इचारू का? तुमाले आता भाजलेले तांदूळ आवडत नाई का?"

"कोणते तांदूळ, वहिनी?"

"आता पाहा! पावसाळाभर दर सोमवारी डबा भरून देत होती मी. धान उकडून केलेले उसने तांदूळ, कढईत बदामी भाजून. हे म्हणत, मॅडमले कॉलेजात लागते. मी म्हणो, एवढीशी बाई, इतके तांदूळ खाते कशी?" त्यांनी माझ्या पानात आणखी भात वाढला. "मंग दोन सालापासून एकदम बंदच केलं. मले वाटलं, ते फोडणी देल्ली तेच तुमाले नाई आवडली."

माझा घास हातातच राहिला. "फोडणी कधी दिली होती?"

"ते पाहुणे येनार होते न तुमच्या कॉलेजात, त्याच सोमवारी. मी म्हटलं, पाहुण्यायसमोर अळणी तांदूळ कशा ठेवतीन मॅडम! मीठ, हळद, लसूण, मस्त तेलात परतून देल्ले. घरी आल्यावर असे रागावले, असे रागावले! मंग हासत बी बसले. पण काहून रागावले, ते काई सांगतलं नाई."

भाऊ, तिथे, तुमच्या जलदानविधीच्या पंगतीत, मला हसू आलं. तोंडावर पदर घेऊन मी हसत होते आणि बायकांना वाटलं मॅडम रडतात. रडतही होतेच. वहिनींनी मला उठवून आत नेलं. आत फळीवर वांग्याच्या, भेदराच्या म्हणजे टोमॅटोच्या, दोडक्याच्या बियांच्या शिश्या होत्या, आणि प्रत्येक शिशीत एक छोटी पांढरी पुरचुंडी. बियांना बुरशी लागू नये म्हणून तुमच्याकडे भाजलेले तांदूळ असे घालतात. आमच्याही घरी घालतात. माझी आई अजून घालते. पीएच.डी.च्या नादात मीच विसरले होते. आणि त्या सोमवारचे तेलात परतलेले तांदूळ ओल कसली शोषणार, ते वाटूनच टाकायचे!

दुसऱ्या दिवशी कॉलेजात येऊन पहिलं काम केलं ते हातमोजे घालून शिसं लागलेला कचरा टाकायचा आपला बंद पिंप उघडण्याचं. तळाशी तुमच्या हातच्या पुरचुंड्या होत्या, तारीख लिहून नीट बांधलेल्या, वापरलेल्या तांदळाचा एक दाणाही बाहेर जाऊ नये म्हणून पिशवीत सील केलेल्या. एक कापली. आत तांदूळ. दुसरी कापली, तिच्यातही तांदूळ. दोन वर्षं मी त्या पिंपाला वळसा घालून जात होते.

मग घरी तांदूळ भाजायला घेतले आणि करपवले. शेवटी वहिनींनाच फोन केला. त्या परवा सकाळच्या एसटीने डबा घेऊन आल्या. बाहेर झड लागलेली. मी पुरचुंड्या बांधल्या, पेटीत ठेवल्या, थोडा वेळ जाऊ दिला, थेंब टाकला, काच फिरवली, हॉटप्लेटवर ठेवली. वहिनी काचेला नाक लावून बघत होत्या. थर पिवळा, मग तपकिरी, मग काळा, आरशासारखा. या वेळी मोजायला मी स्वतः बसले. तुमच्या वहीतला आकडा आणि माझा आकडा शेजारीशेजारी येऊन बसले. एकदा आला तर योगायोग म्हणून आणखी पाच काचा केल्या. पाचही तशाच. मी खुर्चीत मागे टेकले आणि इतका लांब श्वास सोडला की वहिनींनी विचारलं, "चक्कर आली का?"

खड्यांपेक्षा तांदूळ सरस का, हेही बहुधा कळलं. नवे खडे हवा अगदी ठणठणीत कोरडी करतात, तांदूळ थोडी ओल राहू देतात, आणि स्फटिक नीट वाढायला तेवढी ओल लागत असावी. तुम्ही आधी तुमसरच्या राइस मिलमध्ये होता तेव्हाची गोष्ट तुम्ही चहा पिताना सांगितली होती, की धान जास्त वाळलं तर तुकडा पडतो आणि ओलं राहिलं तर चिरडतं, म्हणून तुम्ही दाणा दाताखाली धरून सांगायचा, आज भरडायचं की उद्या. मी ऐकत होते आणि पेपर तपासत होते. पेपर काय, कोणीही तपासले असते.

मग मी वहिनींना सगळं सांगितलं. शंका घेतली ते, भिंगं पुसायला बसवलं ते, आणि मागे घेण्याचं पत्र लिहिलं तेही. त्या डब्याचं झाकण लावत बसल्या होत्या. मला वाटलं, आता उठून जातील.

"त्यायले मालूम होतं," त्या म्हणाल्या. "घरी म्हणत, मॅडम गोड बोलून राहिली म्हंजे मनात शक हाय." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पण मॅडम, त्यायनं बी तुमच्यावर शक घेतला होता."

"माझ्यावर? कसला?"

"मी म्हटलं, सांगून द्या न मॅडमले का असन ते. त म्हणे, सांगतलं म्हंजे मॅडम सोताच करून घेईन, मंग दुसऱ्या कागदावर माह्यं नाव कायले राहीन?"

असं होय, भाऊ! म्हणजे मी हसेन म्हणून नाही, निदान तेवढ्यासाठीच नाही. मी तुमचं नाव गाळीन म्हणून. मी तुम्हाला खोटारडे समजत होते आणि तुम्ही मला लबाड. इतकी वर्षं एका टेबलावर चहा घेतला आणि दोघांनीही एकमेकांना ओळखलं नाही. तुम्हाला राग येईल, पण हे ऐकून मला फार बरं वाटलं. एकटीनेच चूक केली असती तर ती जन्मभर वाहावी लागली असती. आता अर्धी तुमच्याकडे आहे, तिकडेच ठेवा.

मागे घेण्याचं पत्र मी वहिनींच्या समोर पुसलं आणि त्याच जागी दुरुस्तीचं पत्र लिहायला घेतलं. त्यांना मराठीत वाचून दाखवलं, की हवेतली ओल सिलिका जेलने नव्हे तर भाजलेल्या उसन्या तांदळाने राखली होती. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "बिनामिठाचे, ते लिवलं का? नाईतर तिकडं कोणी फोडणी देईन." मी ते घातलं. पुढच्या निबंधातही तुमचं नाव राहील, हे त्यांना सांगितलं. तो तुमच्या एलईडीवरच असेल, हे मात्र तुम्हालाच सांगते.

दुरुस्तीच्या अर्जात शेवटी एक रकाना असतो, ही माहिती मूळ निबंधात का नव्हती. त्या रकान्यापाशी मी सबंध दुपार बसले. नजरचुकीने राहिली, असं लिहिलं आणि खोडलं. सहलेखकाच्या निधनामुळे, असं लिहिलं आणि लाजेने खोडलं. मग जे होतं ते लिहून पाठवून दिलं. छापून आलं की वहिनी ते पान पहिल्या पानाशेजारी लावणार आहेत. "ही पद्धत दुसऱ्या लेखकाची आहे. पहिल्या लेखिकेला ती ठाऊक नव्हती, कारण ते सांगू लागले तेव्हा तिने ऐकून घेतलं नाही."